वरच्या मुठीचा कापूस

हे मी बोलून राह्यलो अन् माझी सून लिहून राह्यली. म्हनून यातला ळ तिचा हाय, माझ्या तोंडातून थो निंगत नाई. बाकी सगळ्या चुका माझ्या. मी चौथीपर्यंत गेलो, थेबी शाळेच्या आवारात बोरीचं झाड होतं म्हनून.

दिवाळी अंकवाले पोट्टे घरी आलते. म्हने, काका, तुमच्या कामाबद्दल सांगा. मी म्हनलं, माझं काम म्हनजे थंडी वाहाची. एका गावाहून थंडी आनतो अन् दुसऱ्या गावात ओततो. पोट्टे एकमेकाकडे पाहू लागले का बुढा सरकला काय.

पन खरंच थेच काम हाय. यवतमाळात लेकरू न होनाऱ्याइचा एक दवाखाना हाय, तिथं मी नायट्रोजन भरतो. दिसते पान्यावानी, पन इतला थंड का झाडाचं पान बुडवलं तर काचेवानी फुटते. मोठ्या कॅनमधे थो नागपूरहून आनाचा अन् दवाखान्यातल्या टाकीत ओताचा. टाकीत काय राह्यते? लोकाइचे लेकरं. म्हनजे अजून झाले नाईत, डोळ्याले दिसतबी नाईत, पन बारीक कांडीत झोपवून ठेवले हायेत. नायट्रोजन आपल्या मनानं उडत राह्यते. थो आटला का कांडीतलं सगळं गेलं. म्हनून टाकीत पट्टी घालून पाहाचं, कमी दिसला का ओताचं. या कामाले अक्कल लागत नाई, भेकड मानूस लागते. थो मी हाय.

आधी मी जनावराच्या डॉक्टरसंग फिरत होतो. त्याइच्या मांगं गाडीवर कॅन धरून बसाचं अन् गावोगाव गाई भरवाच्या. त्याबी कॅनमधे हाच नायट्रोजन, अन् कांडीत वळूचं बीज. डॉक्टर थकले तवा मी शिकून एकटाच फिरू लागलो. दारव्ह्यापासून कळंबपर्यंत मले लोक वळूवाला म्हनत. लग्नाच्या पंगतीत बी म्हनत. माझी बायको म्हनूनच माझ्यासंग बाजारात येत नव्हती.

त्याच दिवसात एकदा एक कांडी चिमट्यातून सुटली अन् कॅनच्या तोंडाशी अटकली. शाहाना मानूस दुसरा चिमटा शोधन. मी हात घातला. कांडी भेटली, पन उजव्या हाताच्या दोन बोटाइचे शेंडे मेले. बोटं हायेत, त्याइले काही समजत नाई. गरम नाई, थंड नाई. चहा निवला का, हे आमच्या घरी मले कोनी विचारत नाई.

दवाखाना नवीन झाला तवा डॉक्टरीनबाईले नायट्रोजनची सवय असलेला मानूस पाहिजे होता. लॅबच्या मॅडम पुन्याकडच्या. त्याइनं विचारलं, अनुभव किती? मी म्हनलं, लय हाय जी, आजपर्यंत एकबी गाय तक्रार घेऊन आली नाई. मॅडम हसल्या नाईत. थ्या कामावर हसतच नाईत, म्हनून त्याइच्या हातून कांडी सुटत नाई.

इथं येनारे लोक काय काय विचारतात सांगू? एक बुढा सुनेसंग आलता. मले कोपऱ्यात घेऊन म्हने, गाईले पाडीच व्हावी अशी कांडी तू देत होता ना, मंग आमाले पोट्टा व्हावा असा निवडून दे. गाईची तशी कांडी खरंच निंगाली हाय. मी म्हनलं, आबाजी, इथं थे विचारलं तरी जेल हाय. मी येतो तुमच्यासंग, पन खालचं अंथरून माझं, माझे गुडघे दुखतात. बुढा परत माझ्याशी बोलला नाई. चांगलं झालं.

आता जी गोठ सांगाची हाय, तिच्यासाठी दवाखान्याचं काम थोडं समजून घ्या. मले मॅडमनं जसं सांगतलं तसं सांगतो.

बाईचं बीज अन् मानसाचं बीज लॅबमधे एक करतात. काही दिवसात त्याचा बारीक फुगा होते. फुग्याच्या आत एका बाजूले एक गोळी असते, तिचं लेकरू होते. फुग्याचं जे बाहेरचं कवच, त्याची वार होते, बाळंतपनात मांगून पडते थे. ज्या बाईचे गर्भ पडून राह्यले, तिच्या फुग्याची तपासनी करतात. त्यासाठी मॅडम बाहेरच्या कवचातून चार-पाच दाने काढतात. आतल्या गोळीले हात लावत नाईत. दाने दूरच्या मोठ्या लॅबमधे जातात, अन् फुगा आमच्या टाकीत झोपते. दान्याइचा डबा नागपूरच्या विमानापर्यंत मी नेतो. पहिल्यांदा नेला तवा नळी उजेडात धरून पाह्यली अन् मॅडमले फोन लावला का मॅडम, यात टाकाले विसरल्या तुमी. थेव्हाबी त्या हसल्या नाईत.

थे लॅब काय पाहाते, तर दान्यातले गुनसूत्र मोजून बरोबर हायेत का. कमी-जास्त असले तर गर्भ टिकत नाई, नाईतर लेकरू आजारी निंगते. जवाब येते, चांगला नाईतर खराब. अन् कधी कधी तिसराच येते. काही दाने बरोबर, काही बिघडलेले, एकाच फुग्यात. त्याले मोझॅक म्हनतात. जुन्या घरात फरशी राह्यते ना, पांढऱ्यात काळे तुकडे, तसं.

दारव्ह्याकडचे एक नवरा-बायको आमच्याकडे येत होते. थो प्रमोद, ती सुनंदा. घरचं वावर, कापूस-तूर, घरी प्रमोदचा बाप अन् एक गाय. त्या गाईची अन् माझी जुनी वळख. तीन खेपा भरवली तवा लागली, अन् तिन्ही खेपा तिनं मले लाथ मारली.

तर एक दिवस मी मांगच्या दारातून कॅन आत घेऊन राह्यलो होतो अन् हे दोघं समोरून आले. प्रमोदनं मले पाह्यलं अन् दुपट्टा तोंडावर घेतला. गावात कोनाले सांगतलं नव्हतं. घरी म्हनत का आम्ही डोळ्याच्या डॉक्टरकडे जातो. अन् इथं समोर कोन, तर ज्याले अख्खा तालुका वळखते थो वळूवाला.

मी म्हनलं, "दुपट्टा काढा भाऊ, मी तुमाले नाई वळखलं. तुमच्या गाईले वळखतो."

सुनंदा हसली. मी तिले हसताना थेव्हाच पाह्यलं, मंग लय दिवस नाई.

तिचे दोन गर्भ पडले होते, दोनी तिसऱ्या महिन्यात. म्हनून तपासनी. बीज कमी निंगालं, त्यातून एकच फुगा तयार झाला. डॉक्टरीनबाईनं स्पष्ट सांगतलं होतं का पुन्हा बीज निंगन याचा भरोसा मी देत नाई. म्हनजे जे काय होतं थे टाकीतल्या त्या एका कांडीत. मी पट्टी घालून पाहाले गेलो का त्या कांडीच्या जागेवर आधी नजर जाई. टाकीले काय समजते कोनाची कांडी कोनती? मले समजत होतं म्हनून ताप.

जवाब आला, मोझॅक.

डॉक्टरीनबाईनं दोघाइले बसवून समजावलं. फुगा पोटात ठेवला तर कदाचित धरनारच नाई. धरला तर पडूबी शकते. चांगलं लेकरूबी होऊ शकते, असे झाले हायेत. लेकरात दोष राहूबी शकते. चौथ्या महिन्यात पोटातलं पानी काढून पुन्हा तपासा लागन. ठेवाचा का नाई, थे तुमी दोघं ठरवा, घाई नाई.

दोघं बाहेर येऊन बदामाच्या झाडाखाली बसले. थोड्या वेळानं सुनंदा तोंड धुवाले गेली अन् प्रमोद उठून माझ्याकडे आला. मी टाकीत ओतून राह्यलो होतो. ओतताना धारेवरची नजर हटवली का पायावर पडते, म्हनून मी मान वर केली नाई.

थो म्हने, "भाऊ, तुमच्या कामात अशी मिसळ निंगाली, तर तुमी काय करत होते?"

मी म्हनलं, "फेकून देत होतो. कायले गाय नासवाची?"

"हाव. बरोबर हाय," म्हनला अन् गेला.

कॅन खाली ठेवला तवा माझ्या डोक्यात उजेड पडला का यानं गाईचं विचारलंच नव्हतं.

मी पायातल्या रबरी बुटासकट धावलो. बूट मोठे, माझ्या मापाचे भेटत नाईत, त्यात मी बदकावानी धावतो. जाऊन पाहातो त प्रमोद नर्सताईले सांगून राह्यला का आमचं ठरलं, नाई ठेवाचा, काढून टाका. नर्सताई म्हने, असं नाई होत, ताईनं बी सांगा लागते. अन् मांगून सुनंदा आली, तोंडाचं पानीबी पुसलं नव्हतं.

"काय ठरलं?" तिनं विचारलं.

प्रमोदनं माझ्याकडे बोट केलं. म्हने, भाऊ इतल्या वर्षाचे या कामात हायेत, त्याइनंच म्हनलं फेका.

ती माझ्याकडे वळली. "तुमी म्हनलं?"

"मी गाईचं म्हनलं, बाई."

"अन् माझं विचारलं असतं तर?"

आता तुमाले सांगतो, मले जनमभर कोनत्याबी गोठीवर काही ना काही सुचते. मयतीतबी सुचते, बायको चिमटा काढते. त्या वक्ताले धड काही सुचलं नाई. मी म्हनलं, माझा अनुभव गाईचा हाय, त्यातलाबी अर्धा लाथाइचा. थेबी बोलाले नको होतं.

सुनंदा नवऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाई. म्हने, "मांगच्या हंगामात व्यापाऱ्यानं गाडीवरून मूठ काढली. त्यात पिवळा, किडका कापूस निंगाला. थो सगळ्या गाडीले खराब म्हनला. तवा तुमी त्याले काय म्हनलं?"

प्रमोद दुपट्ट्याचं टोक बोटाले गुंडाळू लागला.

"सांगा ना."

"म्हनलं, आत हात घालून पाहा."

"मंग मॅडमनं मूठ कुठची काढली? वरचीच ना? आत तर हात नाई घातला. वरच्या मुठीवर तुमी माझी अख्खी गाडी फेकून राह्यले."

प्रमोद खाली पाहात होता. मंग म्हने, "अन् आतबी पिवळाच असन तर?"

हे त्यानं भांडाले नाई म्हनलं. त्याले खरंच भेव वाटत होतं. तिलेबी समजलं थे.

"असू शकते," ती म्हनली. "दोनदा माझ्या पोटातून गेलं, कोनाले दिसलंबी नाई का आत काय होतं. हे तरी मॅडमले दुर्बिनीत दिसते. मले ठेवा म्हनाची हिंमत नाई. पन फेका माझ्या तोंडून निंगनार नाई."

नर्सताई उभी, मी उभा, माझ्या बुटातून थंड वाफ निंगून राह्यली. मी म्हनलं, हे कापसाचं तुमी जसं म्हनलं तसंच मॅडमले विचारा. आम्ही चौघं लॅबच्या दारात गेलो. मॅडमनं सगळं ऐकलं.

"तुलना बरोबर आहे," मॅडम म्हनल्या. "बाहेरच्या चार-पाच पेशींवरून आतलं नक्की कळत नाही. पण आत हात घालून बघता येत नाही, घातला तर ते मरेल. म्हणून आत काय आहे हे मला माहीत नाही. माहीत आहे असं जो सांगेल, त्याचं ऐकू नका."

अन् मंग माझ्याकडे पाह्यलं. मी बुटाकडे पाह्यलं.

पुन्हा डॉक्टरीनबाईकडे बसले दोघं. दार उघडं होतं, मले ऐकू येत होतं. प्रमोदनं विचारलं, चौथ्या महिन्यात खराब निंगालं तर? बाई म्हनल्या, तेव्हा पुन्हा ठरवावं लागेल, आणि ते आजच्यापेक्षा कठीण असेल.

सुनंदा म्हनली, "आज सोपं हाय का, बाई?"

आत खुर्ची सरकली. मंग प्रमोदचाच आवाज आला. "ठेवा."

कांडी काढाचा दिवस आला. त्या दिवशी माझं काहीच काम नव्हतं, म्हनून मी सारखा टाकी पाहात होतो. मॅडम म्हनल्या, काका, टाकी तुमच्या बघण्यानं भरत नाही. त्याइनं कांडी काढली अन् आत गेल्या. गोठलेलं असं बरोबर मापात गरम करा लागते, अन् मंग वाट पाहा लागते का फुगा पुन्हा फुगते का नाई. नाई फुगला तर संपलं. गाईची कांडी मी पान्यात टाकून फटाफट वर काढत होतो, कधी त्याचा विचार केला नाई. बाहेर प्रमोद दुपट्ट्याचं टोक चावून राह्यला होता. सुनंदाले आत निजवलं होतं. मी बाकावर बसलो, उठलो, बसलो. प्रमोद म्हने, भाऊ, काही बोला ना, तुमी तर बोलत असता. मी उठून पुन्हा टाकी पाहून आलो.

मॅडम दारात आल्या. "फुगला," म्हनल्या अन् परत गेल्या.

धरलाबी. तिसरा महिना आला तवा प्रमोद रोज फोन करे, काही विचारे नाई, नुसता म्हने काय चाललं. मी म्हनो थंडी चालली. तिसरा महिना गेला. पोटातल्या पान्याच्या तपासनीले त्याइले नागपूरले नेलं, गाडी मीच चालवली. गतिरोधक आला का मी इतला हळू जाऊ का मांगचे ट्रकवाले माझ्या सगळ्या खानदानाची चौकशी करत. कळंब आलं तवा मी विचारलं, चिंतामनी गनपतीच्या देवळात थांबू का? सुनंदा म्हनली, येताना. येताना विचारलं तर म्हनली, जवाब आल्यावर. पूर्ण रस्ता तिनं पोटावर हात ठेवला नव्हता. दोनी हात सीटवर होते. मले आरशात दिसत होते.

आता प्रमोदनं ठेवा म्हनलं खरं, पन थो माझ्याकडे पाहे तवा मले वाटे, यानं माझं ऐकलं असतं तर? अन् लगेच दुसरं वाटे, जवाब खराब आला अन् त्याले वाटलं का माझंच ऐकाले पाहिजे होतं, तर? दोनीकडून मीच गाढव. असे गाढव दुर्मीळ राह्यतात.

जवाबाच्या दिवशी थे दोघं दवाखान्यात आले अन् मी नायट्रोजनच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या खोलीचं दार कधी लावाचं नसते. नायट्रोजन हवेची जागा घेते, मानूस उभ्या उभ्या पडते, त्याले समजतबी नाई. हे मले ठाऊक होतं, पन तिकडचा आवाज ऐकाचा नव्हता. किती वेळ गेला मालूम नाई, दार धाडकन उघडलं. मॅडम.

"आधी दार," त्या म्हनल्या. "कितीदा सांगितलं? मरायचं असेल तर माझ्या लॅबमध्ये नको." मंग एक श्वास घेतला. "पाणी बरोबर आलं. गुणसूत्रं सगळी नीट आहेत."

मी कॅनवर बसलो. कॅन थंड होता, थेबी उशिरा समजलं.

हे वाचून कोनी असं समजू नका का मोझॅक म्हनजे सगळं चांगलंच होते. मांगच्या साली राळेगावकडची एक बाई होती, तिचाबी तसाच फुगा, ठेवला, धरलाच नाई. ती जाताना माझ्याजवळ आली अन् म्हनली, तुमी काळजी घेतली, राम राम. तिचं मी काही केलं नव्हतं. नुसतं ओतलं होतं. तिची कांडी जिथं होती, तिथं अजूनबी माझी नजर जाते.

सुनंदाले पोट्टी झाली. बारशाले प्रमोदनं बोलावलं, पन फोनवर हळूच म्हनला, भाऊ, आबाजीले अजून सांगतलं नाई, तुमी गाय पाहाले आले म्हना. मी गेलो. आबाजी म्हनजे प्रमोदचा बाप दारातच होता. त्यानं मले सरळ गोठ्यात नेलं. मी गाईचे दात पाह्यले, शेपटी उचलली, गाईनं मले वळखलं अन् लाथ उगारली. आतून बायकाइचं गानं ऐकू येत होतं.

मंग गानं थांबलं. सुनंदा ओट्यावर आली, पोरीले घेऊन. मांगं सगळ्या बायका.

"मामाजी," ती सासऱ्याले म्हनली, "भाऊले आत आना. थे गाईसाठी नाई आले. आम्ही डोळ्याच्या डॉक्टरकडे नव्हतो जात. ही पोटात याच्या आधी यवतमाळच्या दवाखान्यात होती, अन् तिथं हिले याइनंच जपलं."

प्रमोदनं डोळे मिटून घेतले. एका बाईच्या हातातला घुगऱ्याइचा वाडगा तसाच राह्यला. आबाजीनं सुनेकडे पाह्यलं, पोराकडे पाह्यलं, मंग माझ्याकडे. मी गोठ्याचं दुसरं दार कुठं हाय थे पाहून ठेवलं.

"हे काम बी तूच करते?" बुढा म्हनला.

"नाई जी. मी नुसती थंडी ओततो. बाकी मॅडम करतात. त्याइनं एकाच खेपेत केलं."

बुढ्यानं डोकं हलवलं. "मंग एकाच खेपेत झालं म्हन. माझ्या गाईले तीन काहून लागल्या?"

आधी एक बुढी हसली, मंग सगळ्या. प्रमोदनं डोळे उघडले. आबाजी मले धरून आत घेऊन गेला अन् पाटावर बसवलं.

सुनंदानं पोट्टी माझ्या हातात देली. मी म्हनलं नको, माझ्या हाताचा भरोसा नाई, दोन बोटं मेलेली हायेत. ती म्हनली, धरा. मी धरली. उजवा हात तिच्या पाठीखाली होता. त्या दोन बोटाइले काहीच समजलं नाई.

बाकीच्या बोटाइले समजलं. गरम होती.